सिक्कीमचा निकाल 1950 लाच लागला होता

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, सिक्कीमनं मतं देऊन भारतात यायचं ठरवलं, त्यात मांडलिकी कुठून आली? तेव्हा वाद आवरता घेतला, पण विषय डोक्यातून जाईना.

तू 1975 चं मतदान धरून बसलायस. माझ्या मते निकाल 5 डिसेंबर 1950 लाच लागला. त्या दिवशी गंगटोकला झालेल्या तहानं संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण दिल्लीच्या हाती गेलं. भारतानं सिक्कीममध्ये हवी तिथं फौज ठेवावी, सिक्कीमनं मात्र परक्या सत्तेशी परस्पर बोलायचंही नाही. वर दिल्लीकडून सिक्कीमला दरसाल 3 लाख रुपये, तेही तहाच्या अटी पाळल्या तरच! वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावानं तैनाती फौजेपायी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला होता. इथं निदान पैसे उलटीकडून आले.

आता भूतान बघ. 1949 च्या तहात त्यांनी परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्यानं चालायचं कबूल केलं, पण संरक्षण आणि दळणवळण लिहून दिलं नाही. तेवढ्या फटीतून ते 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांत जाऊन बसले, आणि 2007 मध्ये ते सल्ल्याचं कलमही गेलं. सिक्कीमचे चोग्याल, म्हणजे राजे, पाल्देन थोंडुप नामग्याल आपलाही तह बदलून मागत राहिले. दिल्लीनं दाद दिली नाही.

राजवाडा काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. प्रजेत नेपाळी बहुसंख्य, पण राज्याच्या कौन्सिलात त्यांना जागा भुतिया-लेपचा या अल्पसंख्य जमातींइतक्याच. 1973 चं राजाविरुद्धचं आंदोलन उगाच नाही पेटलं. ते आवरेना म्हणून चोग्यालनाच दिल्लीला हाक मारावी लागली, आणि कारभार दिल्लीनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. पुढच्या वर्षी राजाच्या विरोधातले पुढारी काझी ल्हेंडुप दोर्जी यांच्या पक्षानं विधानसभेच्या 32 पैकी 31 जागा जिंकल्या. लोकांना राजाची सत्ता नको होती, हे तुझं म्हणणं मला मान्यच आहे.

पण ते मतदान! 9 एप्रिल 1975 ला भारतीय लष्करानं राजवाड्याच्या पहाऱ्याची शस्त्रं काढून घेतली, त्यात एक पहारेकरी मारला गेला. दुसऱ्या दिवशी विधानसभेचा ठराव आणि 14 तारखेला मतदान, तेही त्या डोंगराळ मुलखात. प्रश्न एकच: चोग्यालपद रद्द आणि सिक्कीम भारताचा घटक, हे मान्य आहे का? राजा नको पण देश वेगळा हवा, अशा माणसानं मत कुठं टाकायचं? बाजूनं 59,637, विरोधात 1,496. 16 मेला 22वं राज्य झालं.

तू म्हणशील, सिक्कीमच्या सीमेवरच्या नथु ला खिंडीपलीकडे चीन उभा असताना दिल्लीनं करायचं काय? 1967 मध्ये तिथं तोफा धडाडल्या होत्या, तेव्हा हा मुद्दा खरा. मग तोच मांड ना, मतपेट्या कशाला पुढे करतोस? मोरारजीभाईंनी तर पंतप्रधान असताना हे विलीनीकरण चुकलं असं उघड म्हटलं होतं.

दोन्ही तहांच्या प्रती सोबत आहेत. वाचून फोन कर, फक्त रविवारी नको, घरी पाहुणे आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर