आईच्या चुलीला मी सिमेंट लावलं

महाल, नागपूर
घटस्थापनेच्या आधीचा रविवार

प्रिय दिग्या,

शिव्या मनातल्या मनात घालून घे आणि मग पुढे वाच. दीड वर्ष झालं, माहीत आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू 'हो, हो' म्हणत टीव्ही बघतोस आणि हे प्रकरण तसं सांगण्यातलं नाही. बायकोला सांगून झालं. ती म्हणाली, "चूलच आहे ना?" म्हणून तुला लिहितोय. गुडघे आहेत तसेच. साखर गोळीवर आहे. झालं.

तर आईच्या चुलीला मी सिमेंट लावलं.

कपाळाला हात लावला असशील, तर बरोबर लावलास. आता ऐक. आईच्या डोळ्यांनी रजा घेतल्यापासून पोळा-मारबत झाली की निघायचं ते चुलीचं काम राहूनच गेलं. दोन पावसाळे तसेच गेले. पहिल्या भोकाखाली जाळ केला की धूर दुसऱ्याच्या कडेतून बाहेर, तिसऱ्यावरचं आंघोळीचं पाणी कोमटसुद्धा होईना, आणि धुराडं नुसतं शोभेला. आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून तेच सांगते. ही मगनवाडीची चूल, मी वर्ध्याला जाऊन शिकून आली, गांधीजींनी 1934 साली तिथं ग्रामोद्योग संघ काढला, कुमारप्पा होते, बिनधुराची चूल आहे ही. 'बिनधुराची' ऐकताना पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी. त्यांना वाटायचं गांधीजींमुळे.

साफसफाई सगळी तुझ्या पद्धतीनं केली, बरं का. आधी राख काढली, मग भोकांवर ओली पोती टाकली (हो, टाकली, पोत्यांवर पुढे येतो), मग कवेलूंवर चढून दोरीला वीट आणि चिंध्यांचा बोळा बांधून धुराड्यात सोडला. घमेलंभर काजळी निघाली. दुसऱ्या-तिसऱ्या भोकांमधलं ते भुयार आठवतं? तुझा हात कोपरापर्यंत जायचा, म्हणून तर आईनं तुला ठेवून घेतलं होतं. माझा मनगटालाच अडकला. तिथली काजळी भुरभुरीत नाही, चकचकीत, डांबरासारखी घट्ट. काटोलहून आलेली संत्र्याची छाटण आम्ही ओलीच जाळत होतो, त्याचा हा चीक. खुरप्यानं खरवडून काढला, दोन दुपारी गेल्या.

आणि एक. धुराड्याचा तो जुना ए.सी. (ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा) पाइप काढून टाकला. कोरडं घासलं तर ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत जाते. आपण वर्षानुवर्षं तारेच्या ब्रशनं घासत होतो आणि तू तर घासताना तोंड उघडं टाकून गाणी म्हणायचास. मी पाणी मारून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून काढला आणि पत्र्याचा पाइप बसवला. आई म्हणाली, पत्रा लवकर थंड होते, मग धूर वर चढायचा कंटाळा करते, काजळी जास्त धरते. हेही खरंच निघणार, बघ.

इथपर्यंत ठीक होतं. लिंपायचं तेवढं राहिलं होतं. शेतातली काळी माती आईनं चुलीला कधी लावली नाही. वाळली की फाटते. तिची माती वारुळाची, त्यात लीद, कुटार, आणि ते मुरवायचे दिवस. दुकानात खुरपं घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, सिमेंट-रेती मारा, दहा वर्षं बघायचं काम नाही." आणि मी मारली.

खरं सांगू? दुकानदाराचा दोष नाही. मला दरवर्षीची कटकटच नको होती. भाऊ सारखं म्हणतो, चूल काढली तर अंगणात गाडी बसते. मी त्याला 'आई आहे तोवर नाही' म्हणतो. पण घोटून गुळगुळीत करताना पोटात काहीतरी सुटल्यासारखं वाटलं होतं, ते आता तुला लिहिताना कळतंय.

तिसऱ्या दिवशी आई पाटावर बसली. कडेवरून बोटं फिरवली, मग मडकं घेताना ठोकतात तसं बोटाच्या पेरानं तीनदा ठोकलं. काही बोलली नाही. मी संत्र्याची वाळकी सालं पेटवली, ती तडतडली, जाळ छान धरला. तिनं लांब पोळ्यांचं मडकं पालथं घालायला लावलं. पंधराएक मिनिटांत टप्प आवाज आला. मग आणखी एक. आणि तळहाताएवढी खपली उडून थेट कणकेच्या परातीत.

"काय पडलं?"

"काही नाही."

"सिमेंट पडलं," ती म्हणाली. आणि मग, "बरं केलंस."

तू बी.कॉम.ला गटांगळी खाल्लीस तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती, आणि तू आठवडाभर जेवायला आला नव्हतास. माझं काय झालं असेल बघ. पुतण्या इंजिनीअरिंगला आहे, त्यानं शास्त्र सांगितलं. आतली माती ओली, वर सिमेंटचं झाकण, वाफेला वाट नाही. शिवाय 400 अंशांच्या वर सिमेंटातला चुना फुटायला लागतो. मी म्हटलं, हे आधी सांगायचं. तो म्हणाला, काका, तुम्ही विचारलं कुठं?

दोन दिवस ती चुलीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "फोडून टाक. गाडी ठेव तिथं." रागानं म्हणाली असती तर मी हसलो असतो. शांतपणे म्हणाली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, लेका.

सकाळी चहा देता देता विचारलं, मातीचं माप सांग. तर म्हणते, "दिग्याले विचार. त्याले सांगितलं होतं सगळं. तू तं कस्तुरचंद पार्कात क्रिकेट खेळत होता." आणि दोन घोट घेऊन, "अन् ते पोतं मीच काढलं होतं. बटाटे ठेवाले."

कळलं? ज्योतीच्या लग्नाच्या त्या काजळीनं काळ्या झालेल्या वड्या! एवढी वर्षं तू म्हणतोस मी विसरलो, मी म्हणतो तू. तिसऱ्या भोकावरचं पोतं आईनं काढलं होतं आणि एवढी वर्षं आपल्याला भांडताना बघत ती गप्प बसली होती. मी विचारलं, सांगितलं काऊन नाही? "तुमी दोघं भांडले की दोन पोळ्या जास्त खात होते."

म्हणजे मी तुला 'भैताड' म्हटलेलं सगळं परत घेतो. क्रिकेटवरून म्हटलेलं सोडून.

तर काम असं. तुझ्या त्या निळ्या वहीत बघ. वारुळाची माती किती, लीद किती, कुटार चाळायचं की तसंच, आणि भिजवून किती दिवस ठेवायची. लिदीची सोय झाली आहे. टांगे गेले, पण सक्करदऱ्याच्या लग्नाच्या घोडीवाल्याला गाठलं. तो आधी मला वेडा समजला, मग म्हणाला, पोतंभर घेऊन जा, पैसे नको. अष्टमीचं पुरण चुलीवर व्हायला हवं, आणि सावलीत सावकाश वाळायला पाच-सहा दिवस तरी धर.

तुझ्या स्टेंटचं कळलं, गोळ्या वेळेवर घे. पोरीचं बंगलोरचं जमलं ते झकास. नवा फ्लॅट सातव्या मजल्यावर म्हणे, लिफ्ट चालते ना?

फोन करू नकोस, कागदावर लिही, आईला वाचून दाखवता येईल. सिमेंट मी छिन्नीनं सगळं काढलं आहे. चूल उघडीबोडकी दिसते. आज सकाळी उठून बघतो तर आईनं चाचपत जाऊन तिच्यावर ओलं पोतं टाकलेलं. जुनी माती ओली राहिली की नवी धरते म्हणाली.

तुझा,
विन्या