भरलेली गाडी ही वेगळी गाडी असते

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

परीक्षा संपत आल्या की खान्देशातल्या घराघरांत गाडी काढायचे बेत सुरू होतात. कुणाला तोरणमाळ, कुणाला सप्तशृंगी गड, कुणाला अजिंठा, आणि बहुतेकांना मामाचे गाव. निघायचे किती वाजता, जेवायचे कुठे, सगळे ठरते. गाडीचा विचार मात्र ‘टाकी फुल करून घेऊ’ एवढ्यावरच थांबतो. सुट्टीची गर्दी रस्त्यावर येण्याआधी काही गोष्टी वाचकांपर्यंत पोहोचाव्यात, म्हणून हे पत्र.

वर्षभर गाडीत एक-दोन माणसे बसतात. सुट्टीत तीच गाडी पाच-सहा माणसे, बॅगा आणि पाण्याचे कॅन घेऊन ४४ अंशांच्या उन्हात दीडशे-दोनशे किलोमीटर पळते. तिचे टायर, ब्रेक, दिवे सगळेच त्या दिवशी वेगळे वागतात. चालवणाऱ्याच्या हाताला सवय असते ती रिकाम्या गाडीची.

आधी वजनाचा हिशेब. लहान पाच आसनी गाडी माणसांसह साधारण ४०० किलोच्या आसपास वजन वाहू शकते, गाडीप्रमाणे थोडे कमी-जास्त. ६५ किलोची पाच माणसे म्हणजे ३२५ किलो झाले. उरले ७५. जाताना हे कसेबसे बसते. येताना मात्र आजोळहून गव्हाचे ५० किलोचे पोते, कुरडया-पापडांचे डबे, लोणच्याची बरणी आणि आंब्याची पेटी सोबत येते. ‘एवढ्याने काय होते’ म्हणत ते सगळे डिकीत आणि टपावर चढते. पोते न्यायचेच असेल तर डिकीत अगदी खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून आडवे ठेवावे. टपावर फक्त हलक्या बॅगा ठेवाव्यात. वजन वर गेले की वळणावर गाडी कलते आणि एकदम स्टिअरिंग फिरवावे लागले तर सावरत नाही. सीएनजीच्या गाडीत डिकी टाकीनेच भरलेली असते, म्हणून सामान पायांत येते. तिथे घरूनच सामान कमी करणे हाच उपाय. ती टाकी दर ३ वर्षांनी तपासून घ्यावी लागते, तिची तारीखही याच निमित्ताने पाहून घ्यावी.

आता टायर. चालकाच्या दाराची चौकट उघडून पाहिली तर तिथे एक छोटा तक्ता चिकटवलेला असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. त्यात हवेचे आकडे दोन असतात: कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. दुसरा आकडा बहुधा जास्त असतो, आणि मागच्या चाकांसाठी तर बऱ्याच गाड्यांत चांगलाच जास्त असतो. पंपावर आपण सवयीने ‘चारही ३२’ सांगतो आणि निघतो. भरलेल्या गाडीत हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. त्या दबण्या-उठण्याने रबर आतून तापते. वरून मे महिन्याचा डांबरी रस्ता आणि नव्वद-शंभरचा वेग. टायर फुटतो तो असा. लोक समजतात की हवा जास्त झाली म्हणून फुटला, आणि दुपारी वाटेत गरम टायरची हवा कमी करायला सांगतात. हे अगदी उलटे आहे. गरम झाल्यावर आकडा तीन-चार पीएसआयने वाढणारच, तक्त्यातला आकडा थंड टायरचा असतो. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना भरावी आणि वाटेत काढू नये.

टायरचे वयही वाचता येते. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. कमी फिरलेल्या गाडीचे टायर वरून नवे दिसतात, नक्षी शाबूत असते, पण सहा-सात वर्षांत रबर कडक होते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. अशा टायरवर कुटुंब बसवून घाट उतरू नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदलायलाच हवा. खाचेत तेवढ्या उंचीच्या छोट्या पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की समजावे.

स्टेपनीकडे तर वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही. हवा भरताना पाचव्या चाकाचीही भरून घ्यावी. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावरच ८० ही वेगमर्यादा लिहिलेली असते. जॅक, पाना आणि त्रिकोण गाडीत आहेत ना, हे घरी पाहावे. सोबत फूटभर लांबीची जाड फळी हवीच. आपल्याकडे डांबर संपले की साइडपट्टीची भुसभुशीत माती लागते, तिच्यात जॅक रुततो आणि गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. चाक बदलताना आधी सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभे करावे. हँडब्रेक आणि पहिला गिअर टाकावा, तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाखाली दगड लावावा, त्रिकोण गाडीमागे किमान ५० मीटरवर ठेवावा. नट गाडी उचलण्याआधीच अर्धा फेरा सैल करावेत, कारण चाक हवेत असले की ते नुसते फिरते. बसवताना नट समोरासमोरचे आवळत जावेत, गाडी खाली टेकवून पुन्हा आवळावेत आणि पन्नासेक किलोमीटरवर थांबून परत एकदा पाना लावून पाहावा.

एका बारीकशा गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो. पाण्याची अर्धी प्यालेली बाटली चालकाच्या सीटखाली किंवा मागे पायांत टाकलेली असते. उतारावर ती घरंगळत पुढे येते आणि ब्रेकच्या पायपट्टीखाली अडकते. ऐन वेळी ब्रेक दाबला जात नाही. कापडी पायपुसण्यावर अंथरलेले रबरी पायपुसणेही असेच सरकते आणि ॲक्सिलरेटर दाबूनच ठेवते. चालकाच्या पायाशी एकच पायपुसणे हवे, तेही हुकात अडकवलेले. बाटल्यांची जागा दाराच्या कप्प्यात. निघण्याआधी सीटखाली एकदा हात फिरवायला दहा सेकंद पुरतात.

रात्रीचा एक त्रास आपण दुसऱ्यांना देतो आणि आपल्याला कळतही नाही. मागे माणसे आणि पोते बसले की गाडीचा मागचा भाग दबतो, नाक वर होते आणि डिपरवर असलेला दिवाही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरचा अपर-डिपर मारत राहतो, आपण म्हणतो याला काय झाले. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या हाताला ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. ती याचसाठी आहे. पुढे दोघेच असतील तर ०, गाडी भरत जाईल तशी चकती पुढच्या आकड्यावर. कोणत्या वजनाला कोणता आकडा, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

घाटांबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण खान्देशातून बाहेर पडायचे तर घाट चुकत नाही. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट, सुरतेकडे कोंडाईबारी, सेंधव्याकडे बिजासन, फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याचा घाट आणि तोरणमाळची वळणे तर आहेतच. चढताना गाडी स्वतःच सांगते की खालचा गिअर टाका. उतरताना ती काहीच सांगत नाही, म्हणून चूक उतरतानाच होते. जुना नियम आजही खरा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी दुसऱ्यात-तिसऱ्यात असली की इंजिनच तिला धरून ठेवते आणि ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. ऑटोमॅटिक गाडीत एल, एस किंवा मॅन्युअलची खूण वापरावी. नुसत्या ब्रेकवर भरलेली गाडी सतत धरून ठेवली तर पॅड आणि डिस्क भाजतात, जळका वास येतो, मग ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पाय खोल जाऊनही गाडी थांबत नाही. वास आला की जागा पाहून थांबावे, अर्धा तास थंड होऊ द्यावे, चाकावर पाणी ओतू नये. तापलेली डिस्क पाण्याने वाकते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि मग लवकर उकळते. गाडी कितीही कमी फिरली असली तरी ते दर दोन वर्षांनी बदलावे.

उतारावर न्यूट्रल करून तेल वाचते, ही समजूत अजून पक्की आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उलटेच घडते. गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असेल तर इंजेक्टर इंधन सोडणेच बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळत राहते. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मदत करणारा दाब दोन-तीनदा पाय मारताच संपतो आणि स्टिअरिंगही जड होते.

चढावर एसी लावून भरलेली गाडी तापू लागली आणि काटा वर सरकला, तर आधी एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा. आत उकडते, पण इंजिनची उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. मग सावलीत थांबावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून थेट तोंडावर येते. कूलंटची पातळी घरी, गाडी थंड असताना, प्लास्टिकच्या टाकीवरच्या दोन रेघांमध्ये पाहावी.

आपल्या मुलखाचे एक वैशिष्ट्य प्रवासाची वेळ ठरवताना विसरले जाते. तापीचे खोरे पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे नवापूर-धुळे-जळगाव-मुक्ताईनगर हा महामार्गही तसाच धावतो. सकाळी मुक्ताईनगरकडे निघालात तर सूर्य समोर, संध्याकाळी नवापूरकडे निघालात तरी समोरच. शक्य असेल तेव्हा वेळ उलटी धरावी. समोरची काच आतून पुसावी. बाहेरून ती स्वच्छ असते, आतून मात्र धुरकट थर बसलेला असतो आणि तिरप्या उन्हात त्यानेच काही दिसेनासे होते. वर्तमानपत्राचा ओलसर बोळा या कामाला उत्तम.

मुलांना गाडी लागते याचे निम्मे कारण हातातला मोबाइल असतो. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानातला तोल सांगतो आपण हलतो आहोत, आणि पोटात ढवळते. मोबाइल काढून घेऊन बाहेर पाहायला लावावे, तेही समोर आणि दूरवर. नुसते ‘बाहेर बघ’ म्हटल्याने मुले बघत नाहीत, त्यांना काम द्यावे. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्यमार्ग, केशरी तर गावरस्ता. एमएच १८ धुळ्याची, १९ जळगावची, ३९ नंदुरबारची, कोणती आधी दहा होते? पुलावरच्या पाटीवर नदीचे नाव वाचायचे: पांझरा, बोरी, गिरणा, वाघूर. या सगळ्यांचे पाणी शेवटी तापीला मिळते. रावेर-यावलच्या केळीबागा कुठे सुरू होतात, साक्रीकडे पहिली पवनचक्की कुणाला दिसते. एवढ्यावर दोन तास सहज जातात. लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नये. एअरबॅग ज्या जोराने उघडते, तो जोर मूल सोसू शकत नाही. मागच्या सीटचे बेल्ट कव्हरखाली दडपलेले असतात, ते आधी मोकळे करावेत.

खाण्याला दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडा ठेचा. पाण्याचा अंश कमी, म्हणून उन्हातही टिकतात. बटाट्याची भाजी आणि चिरलेला कांदा मे महिन्यात दुपारपर्यंतच आंबतात. पाणी माणशी तीन लिटर. उलट्या झाल्या किंवा ऊन लागल्यासारखे वाटले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट द्यावे. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने जास्त घालू नये.

अजिंठ्याला जाणाऱ्यांनी सोमवार टाळावा, लेणी बंद असतात. वेरूळ मंगळवारी बंद. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटवरच थांबतात, पुढे बसने जायचे असते. म्हणजे गाडी तासन्‌तास उन्हात उभी राहणार. पॉवर बँक, लायटर, सेंटची बाटली आत ठेवू नये. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून झोपलेले मूल बंद गाडीत तर कधीच नाही. दहा मिनिटांत आतले तापमान दहा अंशांच्या आसपास वाढते.

आता दोन विनंत्या. पेट्रोल पंपांवर टायरमध्ये हवा मोफत भरून मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, पण ‘मशीन बंद आहे’ हे उत्तर फार ऐकू येते. सुट्टीच्या आधी संबंधित विभागाने महामार्गालगतच्या पंपांवरची यंत्रे आणि त्यांचे काटे तपासावेत. दुसरी विनंती गावोगावच्या ट्रॅक्टरमालकांना. रात्री रस्त्यावर दिवा नसलेली ट्रॉली भरलेल्या गाडीतल्या माणसाला दिसते तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेले नसते. चमकणारी पट्टी मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी अशी लावली तर तीच ट्रॉली बरीच आधी दिसते. बैलगाडीलाही मागे लाल पट्टी चालते. ग्रामपंचायतींनी आणि बाजार समित्यांनी आवारात येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला ती लावूनच बाहेर सोडावे. वाटेत अडचण आलीच तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक गाडीतल्या प्रत्येक मोबाइलमध्ये असावेत.

आपला,
एक वाचक, जळगाव