चारशे रुपयांचं दोन रुपयाचं नाणं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाणी जमवायला लागून मला जेमतेम सात-आठ महिने झालेत, त्यामुळे यंदा गड्ड्याच्या जत्रेत एकाने "डबल छपाई ओ, रेअर आहे" म्हणत २००८ चं दोन रुपयाचं नाणं हातात ठेवलं तेव्हा घासाघीस करून चारशेला घेतलं आणि खुशीत घरी आलो. वर्षाचे आकडे खरंच दोन-दोन दिसत होते, खालची हैदराबाद टांकसाळीची चांदणी पण. बायको म्हणाली, एवढ्यात किलोभर शेंगाचटणी आली असती.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं आणि ओळखीच्या एका जुन्या संग्राहक काकांकडे गेलो. त्यांनी नाणं दिव्याखाली जरा तिरकं धरलं आणि म्हणाले, या ८ ची कड बघ. बघितलं तर आकड्याला चिकटून एक सपाट पायरी, चमकणारी, आणि वरचा मूळ ८ नेहमीपेक्षा बारीक झालेला. म्हणजे छापताना डाय (नाण्यावर चित्र-अक्षरं उमटवणारा साचा) सैल होता, तो जरासा सरकला आणि धातू घासून चपटा झाला. अशी नाणी ढिगाने सापडतात, त्याला जादा किंमत नाही.

खरं डबल डाय वेगळं. तिथे चूक नाणं छापताना नाही, डाय बनवतानाच झालेली असते. मूळ ठसा डायवर दोनदा दाबतात आणि दुसऱ्यांदा तो किंचित फिरलेला असतो, त्यामुळे त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तीच डबल प्रतिमा येते, अक्षरं जाड होतात, दोन्ही कडा गोलसर उठलेल्या, आणि अक्षराच्या टोकाला बारीक खाच दिसते. अमेरिकेचा १९५५ चा एक सेंट यासाठीच प्रसिद्ध आहे, त्याची तारीख तर भिंगाशिवाय पण दोनदा दिसते. झिजलेल्या डायनेही अक्षरं फुगल्यासारखी दिसतात, तिथे तर मी अजून पण फसतो.

आपल्या पेपरात मधेमधे "हे नाणं लाखाला जातं" छाप बातम्या येतात, त्याऐवजी एकदा या दोन कडांचे मोठे फोटो शेजारी-शेजारी छापा ना. नवीन पोरांना लय उपयोग होईल.

माझं नाणं अजून पाकिटातच आहे. परवा चहाच्या टपरीवर सुट्टे म्हणून द्यायला निघालो होतो.

आपला,
एक वाचक, सोलापूर