फारकत झाली नाही, याचा दाखला कुठं मिळतो साहेब?

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. रिटायर झाले, रीतसर पेन्शन घेत होते आणि गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला गेले. त्यांची पेन्शन लगेच बंद झाली. त्या कामात आपलं खातं फार चपळ निघालं. माझं कुटुंब निवृत्तिवेतन मात्र अजून सुरू नाही, आणि परवा पंचायत समितीतून पत्र आलं की घटस्फोट झाला नसल्याबाबत न्यायालयाचा दाखला सादर करावा, अन्यथा प्रस्ताव निकाली काढण्यात येईल.

यामागची गोष्ट अशी. १९९८ साली गुरुजींनी माझ्यावर फारकतीचा दावा टाकला होता. मी लेकरं घेऊन माहेरी होते. पुढं चार माणसं मध्ये पडली, दावा त्यांनीच मागं घेतला आणि त्यानंतर शेवटपर्यंत आम्ही एकाच घरात नांदलो. त्यांच्या आजारपणात रात्र रात्र मीच जागले. पेन्शनच्या कागदावर आमचा जोडीचा फोटो आहे, पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, माझं नाव आहे. गुरुजी गेल्यावर दिरानं अर्ज दिला की हिची फारकत झालेली आहे. दोन एकर कोरडवाहूचा वाद आहे, दुसरं काही नाही. त्या अर्जाला कोर्टाच्या हुकूमनाम्याची नक्कल जोडलेली नव्हती, कोणी मागितलीही नाही. दाखला मागितला तो मला! बाबूनं फायलीतल्या फोटोवर अंगठा ठेवला, गुरुजींचं तोंड झाकलं आणि मला विचारलं, "ह्या तुमीच काय?"

कोर्टात गेले तर जुना कागद नष्ट झाला म्हणाले. मग फारकत न झाल्याचं तरी लिहून द्या म्हटलं, तर तिथला बाबू हसला, "काकू, जो हुकूम झालाच नाही त्याची नक्कल कुठून देऊ?" माणूस खरं बोलला. पंचायत समितीत आता प्रतिज्ञापत्र पाहिजे, तेही पाचशेच्या स्टॅम्पवर. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. मोबाइलवर दाखवलं तर उत्तर मिळालं, "थे तिकडं मुंबईले असन."

हे सगळं कशासाठी, तर शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्क्यांसाठी. १९८२ च्या पेन्शन नियमांतला ११६ वा नियम मी नातवाकडून वाचून घेतला. फारकत झालेल्या बाईला काही मिळत नाही. नुसती वेगळी राहणारी, फारकत न झालेली बायको मात्र विधवाच. मी तर वेगळीही राहत नव्हते. आणि जिची खरंच फारकत झाली तिचं काय? नवऱ्याच्या बदल्यांमागं गडचिरोली-भामरागड फिरून जिनं पंचवीस वर्षं डबे भरून दिले, तिला छदाम नाही. केंद्रानं जानेवारी २०२४ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मुभा दिली की घटस्फोटाचा खटला चालू असेल तर पेन्शन नवऱ्याआधी मुलांना द्या असं लिहून देता येतं. म्हणजे संसार मोडतात हे दिल्लीला कळलं. आमच्या पंचायत समितीला तर न मोडलेलाही मोडलेला दिसतो.

आमच्या जिल्ह्यातल्या विधवांना हा खेळ नवा नाही म्हणा. शेतकऱ्यानं फास लावला तरी बायकोनं सातबारा, कर्ज, थकबाकी दाखवून आधी 'पात्र' व्हायचं, मग २००६ साली ठरलेली एक लाखाची सरकारी मदत. तिकडं एकदा आमदार झाला की महिना ५० हजारांची पेन्शन! त्यांच्या घरच्यांना कोणी दाखले मागतं का हो? पेन्शन ही भीक नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९८२ सालीच सांगितलं. त्या निकालाची तारीख, १७ डिसेंबर, पेन्शनर दिवस म्हणून पाळतात. त्याच सुमाराला आपण सगळे अधिवेशनाला नागपुरात असता. यशवंत स्टेडियमवर मोर्चे येतात, आपण निवेदनं घेता, हुरडा खाता आणि परत जाता. २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्या, जुनी पेन्शन नसलेल्या पोरांना तर मार्च २०२३ मध्ये संप करावा लागला, तेव्हा कुठं नोकरीत मेलेल्याच्या घराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचा जीआर निघाला. आमच्यासारख्या म्हाताऱ्या बायांनी कशाचा संप करायचा? स्वयंपाकाचा?

शुगरच्या गोळ्या मी आता अर्ध्या करून घेते. कापूस विकला त्यात गुरुजींच्या दवाखान्याची उधारी फिटली. लेक पाठवतो, पण त्याच्याही घरी खाणारी तोंडं आहेत, आणि ज्या पैशावर माझा हक्क आहे तो मी पोराकडं का मागू?

फारकत झाली असं जो म्हणतो, त्यानं हुकूमनामा आणावा. तो येईपर्यंत पीपीओवर जिचं नाव आहे तिची पेन्शन सुरू करून चालू ठेवावी, थकलेली व्याजासकट द्यावी, असं एक परिपत्रक काढा. एका पानात मावेल.

उत्तर पोस्टानं पाठवा. पंचायत समितीमार्फत पाठवू नका.

आपली,
एका दिवंगत शिक्षकाची पत्नी
(कागदोपत्री अद्याप अनिर्णित)