तक्रार: माझ्या कादंबरीचा नकाशा तुम्ही 'नीटनेटका' केल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

विषय: अपडेटनंतर नकाशातली मांडणी, बाणांच्या दिशा आणि त्यांवरचे शब्द पुसले गेल्याबाबत, जुनी आवृत्ती परत मिळण्याबाबत.

संदर्भ: याच विषयावरच्या माझ्या आधीच्या तीन तक्रारी.

महोदय/महोदया,

तुमच्या नियमाप्रमाणे नकाशाची जुनी आवृत्ती ३० दिवस जपून ठेवली जाते आणि मग कायमची जाते. आज बाविसावा दिवस आहे. आधीच्या तिन्ही तक्रारींना उत्तरं आली, पण तक्रार वाचून पाठवलेलं त्यांत एकही वाटलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. पत्र लांबेल, त्याला इलाज नाही. काय गेलंय हे कळल्याशिवाय ते परत कसं आणायचं, हे तुम्हाला कळणार नाही.

मी कादंबरी लिहिते. दीड वर्षांपासून तिची सगळी जुळवाजुळव तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये करत होते. २१४ कार्डं आणि त्यांना जोडणारे ३८६ बाण होते. पहिलं वर्ष सुखाचं गेलं, हे आधीच कबूल करते. कार्ड उचलावं, हवं तिथे ठेवावं, एका कार्डापासून दुसऱ्याकडे बाण ओढावा, बाणावर दोन शब्द लिहावेत. याहून जास्त मला काही नको होतं आणि तेवढं तुम्ही उत्तम दिलं होतं. ओळखीच्या दोघा-तिघांना मीच तुमचं नाव सुचवलं. आता त्यांना तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न वेगळा.

गेल्या महिन्यात अपडेट आलं. सकाळी नकाशा उघडला तर पडद्यावर एक सुबक झाड. मध्यभागी कादंबरीचं नाव, त्याला पाच फांद्या, फांद्यांना डहाळ्या, सगळी कार्डं सारख्या अंतरावर, रंगसुद्धा तुम्हीच निवडलेले. वर पट्टी: 'तुमचा नकाशा आता अधिक नीटनेटका!' मला कोणी विचारलं नाही, आधी कळवलं नाही. मागे फिरण्याचं बटण दाबलं, तर ते फक्त चालू बैठकीतले बदल उलटवतं. हा बदल मी झोपेत असताना झालेला.

तुमच्या प्रतिनिधीने लिहिलं की 'माहिती सुरक्षित आहे, फक्त मांडणी बदलली आहे'. माझी खरी तक्रार या एका वाक्याशी आहे. मांडणी हीच माहिती होती.

कशी ते सांगते. माझ्या नकाशात आडवी दिशा म्हणजे गोष्ट वाचकाला कळण्याचा क्रम: डावीकडे पहिलं प्रकरण, उजवीकडे शेवटचं. उभी दिशा म्हणजे घटना प्रत्यक्ष घडल्याचा काळ: जितकी जुनी तितकी वर. त्यामुळे एका कार्डाच्या जागेवरूनच दोन गोष्टी कळायच्या. तेविसाव्या प्रकरणातलं 'यमुना पत्र जाळते' हे कार्ड अगदी उजवीकडे, पण पार वर होतं. चाळीस वर्षांपूर्वीची घटना, वाचकाला शेवटाकडे कळणारी. कार्डांची रांग एकदम वर उसळली की समजायचं, इथे कथा मागे जाते. असे सलग तीन उसळे दिसले की मी स्वतःलाच ओरडायचे, की बाई, वाचकाला किती वेळा जिना चढायला लावशील? हे सगळं कुठल्याच कार्डात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

मोकळ्या जागाही बोलायच्या. श्रीधर हे माझं मुख्य पात्र. एके दिवशी नकाशा लांबून बघत होते, तर त्याच्या निळ्या कार्डांमध्ये नवव्या प्रकरणापासून सतराव्यापर्यंत मोठं खिंडार दिसलं. नऊ प्रकरणं नायक बेपत्ता, आणि लिहिताना मला पत्ता नाही! त्या खिंडारातूनच पुढे कादंबरीचा सगळ्यात चांगला भाग निघाला, कारण तो तेवढे दिवस कुठे होता हे मला शोधावं लागलं. तुमच्या झाडात आता खिंडार नाही. श्रीधर एक फांदी आहे आणि त्याची सगळी कार्डं त्या फांदीवर पक्ष्यांसारखी ओळीने बसली आहेत.

बाणांचं दुःख याहून मोठं आहे. माझ्याकडे दोन प्रकारचे बाण होते. तुटक बाण म्हणजे 'मग', सलग बाण म्हणजे 'म्हणून'. दाजी घर सोडतो, मग पाऊस येतो: तुटक. दाजी घर सोडतो, म्हणून यमुना दार आतून लावून घेते: सलग. नुसती गोष्ट आणि कथानक यांतला फरक कार्यकारणात असतो, हे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ सालच्या व्याख्यानांत सांगून ठेवलंय. मी ते फक्त रेषांत आणलं होतं. कच्चा खर्डा तपासताना मी सलग बाण तेवढे दाखवायचे आणि ज्या प्रसंगाला एकही सलग बाण टेकत नाही, तो काढून टाकायचे. अशी अकरा कार्डं काढली. काढताना जीव तुटला, पण ती खरंच फुकट होती.

पात्रांच्या बाणांवर शब्द असायचे. यमुनेकडून श्रीधरकडे 'लपवते'. श्रीधरकडून यमुनेकडे 'संशय घेतो'. मास्तरांकडून दाजीकडे 'देणं लागतात', आणि उलट बाण नाही, कारण ते देणं दाजीला माहीतच नाही. तो नसलेला बाण म्हणजे माझं अर्धं कथानक. अपडेटनंतर दोन बाणांची मिळून एक साधी रेषा झाली आहे. तिला टोक नाही, आणि तिच्यावर एकच शब्द: 'संबंधित'. यमुना आणि श्रीधर संबंधित. मास्तर आणि दाजी संबंधित. अहो, कादंबरीतले सगळेच एकमेकांशी संबंधित असतात, नाहीतर ते एका पुस्तकात कशाला आले असते?

झाड आणि जाळं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्या धंद्यातल्या माणसांना मी सांगावं हे विचित्र वाटतं. मध्ये एक कल्पना आणि तिला फांद्या, असा माइंड मॅप टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केला. जोडरेषेवर शब्द लिहिणारा कन्सेप्ट मॅप त्याच दशकात कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांच्या गटाने विकसित केला. मुलांना विज्ञान कसं समजत जातं, हे त्यांना टिपायचं होतं. पहिल्यात प्रत्येक गोष्टीला एकच आई. दुसऱ्यात कोणीही कोणाशीही जोडलं जाऊ शकतं, आणि कसं जोडलंय ते रेषेवर लिहावं लागतं. मी तुमच्याकडून दुसरा घेतला होता. तुम्ही रातोरात पहिला हातात दिलात. 'यमुना पत्र जाळते' हे कार्ड यमुनेचं, पत्राचं, तेविसाव्या प्रकरणाचं, शिवाय श्रीधरच्या संशयाचंही. झाडात ते कुठल्यातरी एकाच फांदीवर बसणार. तुमच्या यंत्राने ते 'वस्तू' या फांदीवर बसवलं आहे. का, तर त्यात 'पत्र' हा शब्द आहे!

घाबरून मी सगळं बाहेर काढायला गेले, तर तिथे दोनच पर्याय. एक चित्र, ज्यातली अक्षरं मोठं करून पाहिलं की विरघळतात. दुसरा ओपीएमएल. हा फॉरमॅट २००० सालापासूनचा, तोही मुळात एकाखाली एक मुद्दे लिहायच्या आराखड्यांसाठी. त्यात आडव्या जोडण्यांना जागाच नाही. म्हणजे तुमच्या घरात येताना जाळं घेऊन यायचं आणि जाताना यादी घेऊन जायचं. २०२४ मध्ये जेसन कॅनव्हास नावाचा खुला फॉरमॅट आला आहे; त्यात प्रत्येक कार्डाची आडवी-उभी जागा आकड्यांत लिहिलेली असते आणि प्रत्येक रेषा कुठून निघून कुठे जाते, बाणाचं टोक कुठल्या बाजूला आहे, तिच्यावर काय लिहिलंय, हेही असतं. माझ्यासारखीला जे हवं ते जवळजवळ सगळं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मावतं. तेव्हा 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' हे दुसऱ्या पत्रातलं उत्तर पटण्यासारखं नाही.

आता जुनी दुखणीही सांगून टाकते, ज्यांवर मी वर्षभर गप्प होते. तुम्ही मराठीत वापरता येईल असं सांगून सॉफ्टवेअर विकता. माझ्या कादंबरीत भुऱ्या नावाचा एक पोरगा आहे. फोनवरून लिहिलं की तो 'भुऱ्या' आणि संगणकाच्या जुन्या कीबोर्डवरून लिहिलं की 'भुर्‍या'. दिसायला जुळे भाऊ. पण एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. तुमच्या शोधाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. एकाला शोधलं की दुसऱ्याची बारा कार्डं गायब. आठवडाभर मी समजत होते की ती माझ्याच हातून पुसली गेली. त्यात निर्यात करताना तुम्ही ती न दिसणारी चिन्हं काढून टाकता, त्यामुळे कोपऱ्यातल्या एका वर्णनात 'खोल दऱ्या' होत्या त्यांचा 'खोल दर्या' झाला. डोंगरातली गोष्ट समुद्रावर गेली. हसले खरी, पण छापखान्यात गेलं असतं तर हसले नसते.

नावं आपोआप जोडण्याची सोय तर मराठीला जवळजवळ निरुपयोगी आहे. ती 'यमुना' हा शब्द ओळखते. यमुनेला, यमुनेनं, यमुनेच्या यांतली यमुना तिला कळतच नाही. मराठीत नाव वाक्यात शिरलं की बहुतेक वेळा रूप बदलूनच शिरतं. एकेका पात्राची चार-पाच सामान्यरूपं टोपणनावं म्हणून नोंदवायची मुभा दिलीत तरी पुष्कळ झालं. व्याकरण शिकवा असं मी म्हणत नाही.

तुमच्या तिसऱ्या उत्तरात प्रतिनिधीने मला एक चित्रफीत पाठवली: 'गोंधळातून सुसूत्रतेकडे'. त्यात जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांच्या टिपणांच्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा दाखला आहे. बरं झालं काढलात. लुमान यांनी प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक देऊन तिची जागा पक्की केली होती, म्हणून तर एका चिठ्ठीवरून दुसरीकडे बोट दाखवता यायचं. रात्रीत कोणी त्या चिठ्ठ्या रंगांप्रमाणे लावून ठेवल्या असत्या, तर त्या समाजशास्त्रज्ञाने काय केलं असतं याची कल्पना करा. अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर यांनी एका कादंबरीचा दिवसवार आराखडा चक्क अभ्यासिकेच्या भिंतीवर लिहिला होता. मिसिसिपीतल्या त्यांच्या घरात तो आजही पाहायला मिळतो. भिंतीला शोधायची सोय नाही, पण तिला अपडेटही येत नाही.

माझं म्हणणं असं. अपडेटच्या आदल्या दिवसाची आवृत्ती माझ्या खात्यात परत आणून द्या, कार्डांच्या जागा, बाणांची टोकं, तुटक-सलग भेद आणि बाणांवरचे शब्द यांसकट. ते होईपर्यंत ३० दिवसांची मुदत माझ्यापुरती थांबवा आणि थांबवली असं लेखी कळवा; तोंडी किंवा चॅटवरचं आश्वासन नको. मांडणीला कुलूप लावायची सोय द्या, आणि ते कुलूप फक्त मीच काढू शकेन असं असू द्या. जागा आणि दिशा टिकवणारी निर्यात कधी देणार त्याची तारीख सांगा. 'भुऱ्या'चं दुखणं बरं व्हायला वेळ लागेल हे मला कळतं, त्याला मी थांबते. बाकी कशालाही थांबणार नाही. आवृत्ती परत आणता येत नसेल, तर सरळ तसं लिहा आणि वर्षाच्या वर्गणीतले उरलेले पैसे परत करा.

दरम्यान मी हात बांधून बसलेले नाही. चार महिन्यांपूर्वी नकाशाची एक मोठी प्रत कागदावर काढून कपाटाच्या दारावर चिकटवली होती, पेन्सिलीच्या खुणांसकट. तिच्यावरून आतापर्यंत ६१ कार्डं पुन्हा जागच्या जागी ठेवली आहेत. एकेक बाण आठवत. काही आठवत नाहीत. मास्तरांकडून भुऱ्याकडे एक सलग बाण जातो, त्याच्यावरचा शब्द कागदावर पुसट झालाय. 'वाचवतात' आहे की 'फसवतात', हे मला आता सांगता येत नाही, आणि अठरावं प्रकरण त्या शब्दावर अडलं आहे.

त्या कागदाचा फोटो, अपडेटनंतरच्या नकाशाचे दोन स्क्रीनशॉट आणि तुमची तिन्ही उत्तरं सोबत जोडली आहेत. आवृत्ती परत आणलीत तर एवढं करा: ती माझ्याकडे देण्याआधी खात्यातली स्वयंरचना, म्हणजे आपोआप मांडणी करणारी सोय, बंद करा. नाहीतर मी नकाशा उघडेन आणि तो पुन्हा नीटनेटका होईल.

आपली,
एक वर्गणीदार ग्राहक