कोलंबिया पाईकवरच्या बोलिव्हियन बेकरीतल्या सेन्योरांना

प्रिय सेन्योरा,

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं स्पॅनिश 'ग्रासियास'च्या पुढे जात नाही, त्यामुळे हे पत्र तुमच्या नातीलाच फोनवर ट्रान्सलेट करून वाचून दाखवावं लागणार. पण मनातलं बोलायचं तर मला मराठीतच जमतं, आणि खरं सांगू का, हे आपल्या इकडच्या मराठी मंडळींनीही वाचावं असं वाटतंय, काहींनी तर जरा जास्तच लक्ष देऊन.

माझी आई सांगलीची. बाबा गेले त्यानंतर भावाने आणि मी ठरवून तिला इकडे अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनला आणलं, तेवढाच हवापालट म्हणून. कसला डोंबलाचा हवापालट, डिसेंबरचा गारठा, झाडांना पान नाही, पाच वाजता अंधार, आणि बाईने खाणंच टाकलं. घरी वरणभाताचे दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. बाहेर नेलं तर तेही नाही. ती शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, त्यात गुरुवार आहे, संकष्टी आहे, आणि बाबा गेल्यापासून हे सगळं तिने आणखीनच घट्ट धरलंय.

आता आधीच्यांचं सांगते, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कुणाला कळायचं नाही. एका मोठ्या चेनच्या कॅफेत, नाव घेत नाही, व्हेज आहे ना असं चांगलं दोनदा विचारून घेतलेल्या सँडविचमध्ये बेकन निघालं. आईचा पहिला घास तोंडात होता. काउंटरवरचा मुलगा म्हणतो कसा, काढून टाका ना, एवढासा तर तुकडा आहे! दुसरं करून देतो नाही, सॉरी नाही, काही नाही. आई बाथरूममध्ये जाऊन किती वेळ चुळा भरत होती. पण तो तरी परका पोरगा, त्याला काय कळणार. आपल्याच लोकांकडे पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचं जेवण) गेलो तर एक ताई मोठ्याने हसत म्हणाल्या, अहो काकू, इकडे सगळं चालतं, केकमधलं अंडं काय दिसतं का? सगळे हसले. आईपण हसली. घरी आल्यावर म्हणाली, मला आता कुठे नेऊ नकोस गं.

तुमच्याकडे आम्ही आलो ते माझ्या मुलाच्या हट्टामुळे. त्याचा वर्गातला मित्र बोलिव्हियन (आमच्या भागात यात नवल काही नाही, अख्ख्या अमेरिकेत बोलिव्हियन लोक सगळ्यात जास्त या वॉशिंग्टनच्या आसपासच आहेत), त्याने याच्या डोक्यात सालतेन्या भरवून दिलेलं. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते, दिसायला ही करंजीच, पण उभी ठेवून भाजलेली, वरून वेणीसारखी मुरड, कव्हर केशरी आणि किंचित गोड, आत बीफचा नाहीतर चिकनचा बटाटा-वाटाणा घातलेला पातळ रस्सा. पहिल्यांदा खाणारा हमखास शर्टवर सांडून घेतो. ती उभीच धरायची, वरचा कोपरा दाताने तोडायचा, आधी रस्सा ओढून घ्यायचा आणि मग खालपर्यंत खात जायचं. माझ्या मुलाला तुम्ही काउंटरच्या बाहेर येऊन करून दाखवलंत, तरीही त्याने सांडलंच.

आई खुर्चीत पर्स छातीशी धरून बसलेली. मी पाटीवर बघितलं तर भाजीची सालतेन्या पण होती. म्हटलं चला, मिटलं. तुमच्या नातीला सांगितलं, ही एक द्या, आजीला, ती व्हेजिटेरियन आहे. पैसे द्यायला कार्ड काढलं सुद्धा होतं, आणि तुम्ही आतून ऐकून बाहेर आलात आणि बोट हलवून नाही म्हणालात. नातीने सांगितलं ते असं की आत भाजीच आहे पण रस्सा भरताना तो घट्ट लागतो, म्हणून त्यात जिलेटिन घालून थंड करतात, ते ओव्हनमध्ये वितळून परत रस्सा होतो, आणि ते जिलेटिन प्राण्याचं असतं. म्हणजे आजीला चालणार नाही. एम्पानाडा? नाही, पिठात डुकराची चरबी. कुन्यापे, म्हणजे ते चीजचे छोटे गोल पाव? चीज आणि पीठच, पण अंडं घालतो.

सेन्योरा, आम्हाला कुणालाच कळलं नसतं हो. जिलेटिन माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तुमची एक सालतेन्या खपली असती, आईने कदाचित आवडीने खाल्लीही असती. तुम्ही एकेका ट्रेवर बोट ठेवून आमच्यासमोर तुमचंच गिऱ्हाईक घालवत होतात.

मग तुम्ही आत गेलात आणि त्या कुन्यापेच्या पिठाची पिशवीच घेऊन आलात. आईसमोर टेबलावर ठेवलीत, तोंड उघडलंत, आणि खुणेने सांगितलंत, हात घाला. आईने चिमूटभर घेतलं, बोटांत चोळलं, करकर वाजतंय का बघितलं, जिभेवर ठेवलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिचा असा ठणठणीत आवाज ऐकला मी, अगं हे साबुदाण्याचंच की!

आणि आहेच ते. ते पीठ युकाचं, आणि तुमचा युका तो आमचा साबुदाण्याचा कंद. तुमच्याच खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आमच्याकडे आला, आणि त्याचा साबुदाणा करायचे कारखाने तमिळनाडूत सेलमला निघाले ते तर 1940 च्या दशकात. हे मी त्या रात्री आईला सांगत बसले. बटाटा तुमच्या अँडीजचा, मिरचीही अमेरिका खंडातलीच, शेंगदाणा तर दक्षिण बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या त्या पट्ट्यातला. म्हणजे आमची संकष्टीची खिचडी जवळजवळ सगळी तुमच्या माहेरची निघाली! आई म्हणाली, मग आमच्या आज्या-पणज्या उपासाला काय खायच्या? म्हटलं वरी, राजगिरा, रताळी खात असतील. तर म्हणे राजगिराही मग कुठला ते बघ. बघितलं. तोही अमेरिकेतलाच. रताळीही. आई इतकी हसली की ठसका लागला.

पण मला ज्यासाठी हे पत्र लिहायचं होतं ते वेगळंच आहे, आणि ते कदाचित तुमच्या लक्षातही नसेल.

पुढच्या गुरुवारी तुम्ही बोलावलं होतंत. गेलो तर तुम्ही बिनअंड्याचे कुन्यापे केलेले, नुसतं पीठ, दूध आणि चीज. चीजचं पाकीटही मुद्दाम ठेवलं होतंत, त्यावरचं व्हेजिटेबल रेनेट (म्हणजे चीजसाठी दूध साकळवायला प्राण्याचं काही वापरलेलं नाही) मला वाचायला लावलंत. (मराठी वाचकहो, उपासाला चीज चालतं का याचा कीस काढू नका, आईने ठरवलंय चालतं म्हणून.) थोडे बसके झाले होते, वरून तडकलेले, तुम्ही त्याबद्दलच कुरकुरत होतात. ते एका वेगळ्या छोट्या ट्रेमध्ये, खाली कोरा कागद. तुमच्या हातात चिमटा होता, त्याने तुम्ही आत्ताच माझ्या मुलाला बीफची सालतेन्या काढून दिली होतीत. त्याच हाताने तुम्ही आईच्या ट्रेकडे वळलात आणि थांबलात. चिमटा सिंकमध्ये टाकलात. हात धुतलेत, साबण लावून, कोपरापर्यंत. ड्रॉवरमधून दुसरा चिमटा काढलात, तोही पाण्याखाली धरलात, कोरड्या फडक्याने पुसलात, आणि मग आईचा कुन्यापे उचललात. मागे लाइन लागली होती, एक माणूस घड्याळ बघत होता, तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत.

आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची माझी हिंमतही नव्हती, कारण एवढ्या ठिकाणी ऐकून घेतल्यावर माणूस मागायचंच सोडतो. आई ते सगळं बघत होती. तिने तो गरम कुन्यापे फोडला, आतून चीजची तार निघाली, आणि अख्खा संपवला. मग दुसरा मागितला. मागितला हो! मी तुमच्या त्या नॅपकिनच्या डब्याकडे बघत बसले होते कारण वर बघितलं असतं तर रडले असते.

लोकांना वाटतं दुसऱ्याचं सोवळं-ओवळं, खाणंपिणं पाळायला त्याच्या धर्माचं ज्ञान लागतं, मोठं मन लागतं, ट्रेनिंग लागतं. तुम्हाला संकष्टी म्हणजे काय हे आजही माहीत नाही. त्या पॉटलकवाल्या ताईंना सगळं माहीत होतं, त्यांच्या घरी गणपती बसतो. माहिती असून हसणारे एकीकडे आणि काही माहीत नसताना चिमटा धुणारं माणूस एकीकडे, आणि अशी माणसं असतात म्हणूनच परमुलुखात निभतं आमच्यासारख्यांचं. त्यांना कुणी अवॉर्ड देत नाही. ती पाच वाजता उठून कणीक मळतात.

आईने तुम्हाला डब्यातून खिचडी पाठवली होती ती तुम्ही शेंगदाणे शोधून शोधून खाल्लीत असं नात म्हणाली, आणि तुमच्या कोचाबांबा शहराचं शेंगदाण्याचं सूप असतं तेही तिने सांगितलं. डबा तुम्ही रिकामा परत केला नाहीत, पाव घालून दिलात. यावर आईचं मत असं की ही बाई नक्की सांगली-मिरजेकडची आहे, चुकून तिकडे जन्मली.

तर सेन्योरा, मनापासून आभार. आई मार्चमध्ये परत जाते आहे आणि तिला सांगलीच्या घरी कुन्यापे करायचेत, भिशीच्या बायकांना घालायचेत म्हणे. तेव्हा पीठ किती, चीज किती आणि ओव्हन किती तापवायचा ते नातीकडून लिहून द्या, तिच्याकडे छोटा ओटीजी आहे. आणि शनिवारसाठी चिकनच्या चार सालतेन्या बाजूला काढून ठेवा, मागच्या वेळी आम्ही अकराला पोचलो तर संपल्या होत्या आणि माझा मुलगा घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

तुमची,
बेकरीतल्या त्या सांगलीच्या आजींची मुलगी