खाडीची तब्येत गाळाला विचारा

संपादक महोदय,

खाडीचे पाणी भरती-ओहोटीबरोबर सतत बदलते. बाटलीतला नमुना त्या घटकेपुरतेच सांगतो. आदल्या रात्री कोणी काय सोडले, ते त्यात सापडेलच असे नाही. तळाच्या गाळातले फोरामिनिफेरा मात्र तिथेच मुक्काम ठोकून असतात. हे एकपेशीय जीव, बहुतेक एक मिलिमीटरहून लहान, अनेकांना चुन्याचे कवच. प्रदूषण वाढले की नाजूक जाती नाहीशा होतात, 'अमोनिया' (वायू नव्हे, फोरामिनिफेरांचाच एक वंश) या वंशातल्या चिवट जाती तग धरतात, कधी कवचेही वेडीवाकडी होतात. रोझ बेंगाल हा रंग टाकला की जिवंत जीव गुलाबी दिसतात, रिकामी कवचे कोरी राहतात. शिवाय जुनी कवचे खालच्या थरांत साठलेली असल्याने कारखाने येण्यापूर्वीची खाडी कशी होती, याचाही अंदाज बांधता येतो. पाण्याच्या बाटलीत ही सोय कुठली?

अर्थात, खारटपणा बदलला तरी कवच बिघडू शकते, म्हणून जाणकार हवेत. ते दूर नाहीत. गोव्यातील दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या जीवांचा अभ्यास अनेक वर्षे चालू आहे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, फलकही लागले. आता तिथल्या गाळाची दरवर्षी ठरावीक ठिकाणी, ठरावीक ऋतूत तपासणी व्हावी आणि निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत. कोळी बांधवांना ते सर्वांत आधी कळायला हवेत.

– एक वाचक, ठाणे